पाच सुटण्यांचा क्लच

दुसरी दौड संपली तेव्हा दाजींच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत डांबरावर राहिली होती. एप्रिलातली दुपार, रस्ता तव्यासारखा तापलेला. ती कातडी तिथं पापडासारखी वाळली आणि पुढं दोन दिवस कावळे त्या जागेवरून हलले नाहीत, असं मी सांगत असतो. तुम्ही निम्मं धरा. निम्मं धरलं तरी पुष्कळ होतं.

“पंच! लाथ घातली ह्यानं माझ्या गाडीला!” दाजी उठता उठता ओरडले.

आप्पासो चौगुले छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर बैलगाड्यांच्या शर्यतीत पंच म्हणून बसलेला माणूस. मोटारसायकलींचा न्यायही ते बैलांच्याच कायद्यानं करत.

“लाथ चालती,” ते म्हणाले. “चावला तर सांग.”

माळ हसला. विश्वासराव खवाटे गाडीवरून न उतरता हसला. दोन दौडी त्यानं मारल्या होत्या, अजून एक मारली की संपलं. दाजींनी पडलेली गाडी उभी केली. इंजिन अजून चालू होतं, नाहीतर त्यांना बादच केलं असतं. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी सोललेल्या हाताला गुंडाळला, तो बघता बघता लाल झाला, आणि ते सुटणीच्या रेघेवर परत येऊन उभे राहिले.

मी खवाट्याच्या गाडीशेजारी उभा होतो. त्याचा मेस्त्री मी होतो ना. माझं गॅरेज त्याच्या वीटभट्टीच्या जागेत, माझी चूल त्याच्या कृपेवर. आणि समोर रक्त गाळत उभे असलेले दाजी, भूपाल लोहार, हे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. सकाळी आक्का गॅरेजात येऊन एवढंच बोलून गेली होती, “तू तिकडं, ते तिकडं. कोण का जिंकंना, म्हादबा. मला त्यांचा उजवा हात घरी पाहिजे.”

हात का, ते सांगतो.

सालं मोजायची मला सवय नाही, पण सत्त्याऐंशी असावं. शिरोळकडं धनगरटेकाचा माळ आहे. नवा रस्ता झाल्यावर जुन्या रस्त्याचा एक सरळ तुकडा तिथं बेवारस पडला होता, बरोबर पाव मैल. दोन गाड्या शेजारी लावायच्या, निशाण पडलं की सुटायचं. पाच दौडी, तीन मारील तो खरा. मध्ये इंजिन बंद करायचं नाही. आणि गाडी कंपनीतून आली तशीच्या तशी पाहिजे, त्यातही क्लच तर कंपनीचाच.

क्लचवर एवढा जोर कशासाठी? इंजिन एकीकडं, चाक एकीकडं, मध्ये चकत्यांची चळत, सहा स्प्रिंगांनी आवळून धरलेली. बाजाराला निघालेला माणूस लिव्हर हळूहळू सोडतो, चकत्या एकमेकींना सावकाश धरतात. शर्यतीत इंजिन किंचाळेपर्यंत पिळायचं आणि लिव्हर फटकन सोडायचा. चकत्या घासतात, भाजतात, त्यांच्यावरचा कॉर्क जळतो. एकदा तो जळला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. बाजाराच्या वापरात वीस हजार किलोमीटर जाणारा क्लच असा सोडला तर किती सुटण्या काढील? मी म्हणायचो, तीन. चौथीला मेलाच. दाजी म्हणायचे, पाच. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर हा वाद आम्ही दोन वर्षं घातला.

“हात पाहिजे, म्हादबा, हात,” दाजी दोन बोटं हवेत हलवून म्हणायचे. “केसाएवढा घसरू द्यायचा आणि धरायचा. पाच काढतो मी कंपनीच्या क्लचवर.”

“तुमचा हात म्हणजे काय गारुड्याचा आहे काय?” मी म्हणायचो, आणि सगळे हसायचे. खवाटेही हसायचा. त्यानं एकदा दाजींना आपल्या भट्टीच्या ट्रकांवर मेस्त्री म्हणून बोलावलं होतं आणि दाजी चारचौघांत नाही म्हणाले होते. हे तो विसरला नव्हता. चहाच्या गाड्यावरच त्यानं दाजींना आव्हान दिलं.

आता कायदा. बैलांच्या शर्यतीत जिंकलेल्याची काठी हरलेल्या पार्टीनं तपासायची रीत होती, खिळा लावलाय काय बघायला. आप्पासोंनी तीच रीत इथं आणली. जिंकलेल्या गाडीचा क्लच हरलेल्याच्या मेस्त्रीनं सगळ्यांसमोर पोत्यावर खोलायचा. चोरी सापडली तर चोरानं साखळीला हात द्यायचा. उजवा. गाडी स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, आणि साखळी मागच्या दातेरी चक्रीवर चढते तिथं हात. आदल्या वर्षी बाळकू मगदुमाच्या क्लचात एक चकती जादा निघाली. तेव्हापासून बाळकू शर्यतीचं निशाण पाडायला असतो. डाव्या हातानं.

त्यानं तिसऱ्यांदा निशाण पाडलं.

खवाटे जोरात सुटला. मी लावलेला क्लच होता तो, चकत्या दोन दिवस तेलात मुरवलेल्या, चोरी काडीची नाही. पण अर्ध्या वाटेत दाजी त्याच्या बरोबरीला आले. खवाट्यानं कोपर मारलं, ते नेमकं सोललेल्या हातावर. दाजींची किंकाळी दोन्ही इंजिनांच्या वर ऐकू आली. तरी गाडी सरळ राहिली, आणि दाजींनी हाताएवढ्या अंतरानं दौड मारली.

चौथ्या सुटणीला खवाट्याच्या क्लचनं पहिला धूर सोडला. जळक्या कॉर्कचा वास पालखी फिरावी तसा माळभर फिरला. ही पण दाजींनीच मारली.

“म्हाद्या!” खवाटे परत येऊन माझ्यावर धावला. “काय लावलंयस हे?”

“तीनच काढतो म्हणलं होतं, मालक. ह्यो क्लच आता...”

त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तेच माझ्या नाकावर मारलं. नाकातनं दोन धारा लागल्या. मी खाली बसलो आणि बसल्या बसल्या दाजींच्या गाडीकडं बघितलं. धूर नाही, वास नाही. लिव्हर दाबून ते इंजिनाला नुसता पीळ देत होते आणि गाडी दावं ताणलेल्या खोंडासारखी थरथरत होती. तीच गाडी, तसाच क्लच, चार सुटण्या होऊन गेलेल्या. हे होत नाही. तीस वर्षं क्लच खोलणाऱ्या माणसाला विचारा. होतच नाही.

पाचवी सुटणी. बाळकूचं निशाण पडलं. खवाट्याचं इंजिन डुकरासारखं किंचाळलं आणि गाडी जागेवरच. इंजिनाच्या बाजूच्या झाकणातून धूर बाहेर आला. दाजी तेव्हा पाव मैल संपवून हात वर करत होते.

माळ त्यांच्यावर तुटून पडला. कुणी उचललं, कुणी गुलाल टाकला, तो थेट जखमेवर. दाजी हसत होते आणि रडत होते.

“पाच!” ते माझ्याकडं बघून ओरडले. “म्हादबा, पाच! बघितलंस काय हात?”

मी मान हलवली.

आप्पासोंनी पोतं अंथरायला लावलं. “चल मेस्त्री. खोल.”

सगळा माळ वर्तुळ करून वाकला. खवाटे माझ्या डोक्यावर उभा, तोंडावर कसलासा शांतपणा. हरलेल्या माणसाला तो शोभत नव्हता, पण हे मला तेव्हा दिसलं नाही. मी गाडी आडवी केली, झाकण काढलं. तेल एवढं तापलेलं की एक थेंब मनगटावर पडला आणि टरारून फोड आला. टी पाना लावून पहिला बोल्ट फिरवला.

क्लचच्या बोल्टाखाली कंपनीचा एक वायसर, म्हणजे वॉशर, असतो. माझ्या हातातल्या बोल्टाच्या मानेत दोन होते.

जुनी चोरी आहे ही. स्प्रिंगवर जादा वायसर घातला की स्प्रिंग तेवढी दबून बसते, चकत्या जास्त आवळल्या जातात, आणि तीन काढणारा क्लच पाच काढतो. दिसायला सगळं कंपनीचं.

मी वर बघितलं. दाजी दोघांच्या खांद्यावर होते. आक्काच्या तीन पोरी डोळ्यांसमोर आल्या. बाळकू पोत्याच्या कडेला उभा होता आणि त्याचं ते दोन बोटांचं उजवं लक्तर माझ्या नाकासमोर लोंबत होतं.

काम करताना बोल्ट तोंडात धरायची माझी खोड तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. माझ्याशी बोलायचं तर आधी बोल्ट मोजावेत, असं लोक म्हणायचे. मी तो बोल्ट उचलला आणि दोन्ही वायसरांसकट तोंडात टाकला.

जिलबीच्या कढईत जीभ घालून बघा एकदा. ती बरी. जीभ चर्र झाली, तो आवाज मला कानात नाही, कवटीत ऐकू आला. डोळ्यांतून पाणी आलं.

“काय रं, रडतोयस?” कोणीतरी म्हणालं.

“नाकावर बसलंय त्याच्या,” दुसरा म्हणाला, आणि लोक हसले.

दुसरा बोल्ट. त्यातही दोन. मी जिभेनं एकेक वायसर वेगळा केला. कलिंगडाच्या बिया सारतात तसा जादाचा गालात सारला. तिसरा. टाळूची साल निघून लोंबायला लागली होती, ती पण सारली. चौथ्या बोल्टाला जिभेच्या टोकाला काहीतरी टोचलं.

वायसराच्या आतल्या कडेला तांदळाच्या कणीएवढं एक टोक होतं.

माझ्या गॅरेजात पत्र्यातून वायसर पाडायचं एक हत्यार होतं, पंच म्हणतात त्याला, त्याची एक कड फुटलेली. त्यातून पडलेल्या प्रत्येक वायसराला आतून तसंच टोक यायचं. दर खेपेला कानशीनं ते घासावं लागायचं. आठ दिवसांपूर्वी खवाटे म्हणाला होता, “पाण्याच्या इंजिनाला सहा वायसर पाड.” मी पाडले होते. कानस मारायला गेलो तर म्हणाला, “राहू दे, घाई आहे.”

शर्यतीच्या आदल्या दिवशी दोन्ही गाड्या आप्पासोंच्या ताब्यात द्यायच्या असत. माळावर छप्पर एकच, खवाट्याच्या भट्टीचं. कुलूप त्याचंच, किल्ली मात्र आप्पासोंकडं; दुसरी किल्ली कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हणजे जिंकला तर खवाटे जिंकला. हरला तर दाजींच्या क्लचात माझे वायसर, माझ्याच हातानं, सगळ्यांसमोर निघणार, आणि मग साखळी. बेत बिनचूक होता. एवढंच त्याच्या ध्यानात आलं नाही, की पुरावा म्हणून घातलेला वायसरही क्लच आवळतोच.

पाचवा, सहावा बोल्ट मी तोंडात कसा घेतला, मला आठवत नाही. स्प्रिंगा पोत्यावर मांडल्या. आप्पासोंनी काड्यापेटी उभी करून एकेक स्प्रिंग तिच्याशी ताडून पाहिली. चकत्या मोजल्या. मग मी तोंडातून एकेक बोल्ट काढून ठेवला, एका बोल्टाला एक वायसर. सहा बोल्ट, सहा वायसर. बाकीचे सहा दोन्ही गालांत.

“कंपनीचा क्लच,” आप्पासो उभे राहत म्हणाले. “निर्मळ.”

खवाट्याचा शांतपणा चहातल्या बिस्किटासारखा विरघळला.

“परत बघा.”

“बघितलं की.”

“परत बघा म्हणतोय न्हवं!” त्यानं पोत्यावरचे बोल्ट लाथेनं उडवले, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चाचपले, आणि मग माझा गळा धरला. दोन्ही अंगठे घशावर. “म्हाद्या! कुठं गेले? काल सहाच्या सहा होते!”

गळा आवळल्यावर एक वायसर पोटात गेला. पुढं एका डॉक्टरानं पोटाचा फोटो काढला तेव्हा तो चंद्रासारखा चमकत होता, पण ते राहू द्या. खवाट्याचे अंगठे सैल झाले, कारण माळावर सामसूम झाली होती.

“काल?” आप्पासो म्हणाले.

त्यांनी करगोट्याची किल्ली वर काढून धरली.

“काल छपराला कुलूप होतं, विश्वासराव. किल्ली माझ्या करगोट्याला. आंघोळीलासुद्धा काढली न्हाई. काल तू आत काय मोजलंस?”

“मी... अंदाजानं...”

“सहाच्या सहा, अंदाजानं?”

बाळकू पुढं आला. निशाणाची काठी त्यानं खवाट्याच्या कानशिलावर अशी मारली की काठीचे दोन तुकडे झाले. मग माळच तुटून पडला. खवाट्याची भट्टीवरची माणसं लोखंडी पाने घेऊन आली, समोरून गाड्यांच्या साखळ्या निघाल्या. एकाचा जबडा माझ्या पायाशी निखळला. मी गळा धरून पोत्यावर पडून होतो आणि माणसं माझ्यावरून धावत होती. पाच मिनिटं चाललं असेल. तासभर, असं मी सांगतो.

मग खवाट्याचीच गाडी स्टँडवर चढवली गेली. त्या क्लचात जीव नव्हता, म्हणून कुणीतरी मागचं चाक हातांनी फिरवायला धरलं. खवाटे ओरडत होता, देवांची नावं घेत होता, माझंही घेत होता. “म्हाद्या, सांग की ह्यांना!” मी सांगू शकलो असतो. तोंड उघडलं असतं तर पाच वायसर बाहेर पडले असते आणि पुन्हा कुणाचा हात, हे कोण ठरवणार होतं? मी ओठ घट्ट मिटले. चाक फिरलं. ओला ऊस चरकात जावा तसा आवाज आला. पुढं पुष्कळ वर्षं मी गुऱ्हाळाच्या वाटेनं गेलो नाही.

दाजींनी ते बघितलं नाही. ते उतरून लांब, रस्त्याच्या कडेच्या बाभळीपाशी जाऊन उभे राहिले होते. माळ पांगायला लागला तेव्हा मी धडपडत तिथं गेलो. त्यांच्या अंगावर गुलाल आणि रक्त यांत फरक उरला नव्हता.

त्यांनी माझ्या गालांकडं बघितलं. उजवा हात पुढं केला, तळवा वर.

“थुंक.”

मी थुंकलो. पाच वायसर, रक्त, टाळूची साल. त्यांनी अंगठ्यानं वायसर एकेक पुसला.

“पाच?”

“एक पोटात गेला.”

“माझ्या गाडीतले?”

“व्हय.”

“म्हणजे आता कधीच कळायचं न्हाई,” ते म्हणाले. “माझ्या हातानं पाच काढल्या, का ह्यांनी.”

“दाजी, जाऊ दे. हात वाचला न्हवं. आक्का...”

“तू तोंडात का घातलेस?”

“तुमचा हात वाचावा म्हणून.”

“हे खवाट्यानं घातलेत, हे तुला कधी कळलं?”

“चौथ्या बोल्टाला. माझ्या पंचाचं टोक लागलं जिभेला.”

“चौथ्या.” त्यांनी मान हलवली. “आणि पहिल्या बोल्टाला? पहिला तोंडात टाकलास तेव्हा कुणी घातलेत म्हणून टाकलास?”

दाजी थांबले. खरंच थांबले, मला उत्तर द्यायला वेळ देत. मग त्यांनी मूठ वळली, वायसर मुठीत तसेच, आणि माझ्या तोंडावर मारली. पुढचे दोन दात जागेवरच पडले. गाडी ढकलत ते निघाले आणि मागं वळले नाहीत. आक्का पुढं सणाला येत राहिली, एकटी.

लोक विचारतात, अरे, काहीतरी बोलायचंस की त्यांना. मी सांगतो, तोंड सगळं भाजलं होतं, जीभ सुजून भोपळा झाली होती, बोलणार कसा?

बोलता येत होतं.